जखम भरल्यानंतरचं चालणं

माझ्या उजव्या पायाची पट्टी सुटल्यापासून सांखळीच्या बाजारात भेटेल तो विचारतो, "बाई, आतां बरें मगो?" विचारण्यात माया असते. त्यातले निम्मेअधिक माझ्याच वर्गात बाराखडी गिरवलेले. पण या प्रश्नाचं उत्तर भर बाजारात दोन शब्दांत देता येत नाही, आणि एका जागी फार वेळ उभं राहू नका असं मला बजावलेलंही आहे. म्हणून घरी बसून सविस्तर लिहिते.

मधुमेहातली पायाची जखम भरली की सुटलो, असं घरोघरी समजतात. मला समजावलं गेलं ते उलट, आणि गेल्या काही महिन्यांत मला ते पटलंही आहे. सगळ्यात जपण्याचा काळ जखम भरल्यावर सुरू होतो, कारण आता पाय चांगला दिसतो, घरचे निर्धास्त होतात आणि चालायची ओढ लागलेली असते.

जखम झाली कशी ते आधी सांगते, चालण्याचे सगळे नियम त्यातूनच निघतात. ठेच लागली नव्हती, काटा रुतला नव्हता. बरीच वर्षं साखर असली की पायाच्या नसा मंदावतात. मग दुखणं कळत नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. पावलातले बारीक स्नायू सुकतात, बोटं आखडून वर ओढली जातात आणि चवड्याची हाडं खाली येतात. घाम कमी होतो, कातडी कोरडी पडते. माझ्या अंगठ्याच्या मागे, पाऊल उचलताना जिथे सगळा भार येतो तिथे, घट्टा पडला होता. घट्टा वरून निरुपद्रवी दिसतो, पण चपलेत खडा अडकावा तसा तो आतल्या मऊ मांसाला पावलागणिक दाबत राहतो. खाली रक्त साकळतं, पाणी धरतं आणि शेवटी वरची कातडी फुटते. दुखलं असतं तर मी लंगडले असते, आणि लंगडण्याने पाय वाचला असता. मला काहीच कळलं नाही. सुनेला लाल कोब्याच्या जमिनीवर ओला डाग दिसला, तिने माझा पाय उचलून बघितला, तेव्हा कळलं.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जखम साफ झाली. पायाचा रक्तपुरवठा तपासला, तो चांगला निघाला हे माझं नशीब. मग प्लास्टर, आणि त्यानंतर गुडघ्याखालपर्यंत येणारा जाड बूट. या दोन्हींचं काम एकच, जखमेवरचा भार काढून तो सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देणं. मलमं बदलली, पट्ट्या बदलल्या, पण जखम भरली ती तिच्यावरचा दाब गेला म्हणून, हे मी ठासून सांगते. बुटामुळे एक पाय उंच होतो आणि कंबर धरते. त्यासाठी दुसऱ्या पायातल्या चपलेचा तळ तेवढाच उंच करून घ्यायचा असतो. हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

कातडी पूर्ण जुळली त्या दिवशी मी पेढे न्यायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी माझ्यासमोर कागद घेऊन आकडे लिहिले. भरलेल्या जागेची कातडी काही महिन्यांनीसुद्धा मूळ कातडीच्या साधारण ८० टक्केच जोराची होते, आणि पहिल्या आठवड्यांत तर त्याहून खूपच कमी. अशी जखम भरलेल्या शंभरातल्या सुमारे ४० जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते, पाच वर्षांत सुमारे ६५ जणांना. हे जगभरच्या रुग्णांचे आकडे आहेत. कारण साधं आहे. जखम गेली, पण ज्यामुळे ती झाली ते सगळं जागच्या जागी आहे. पायाला स्पर्श कळत नाही, हाड खाली आलेलं आहे, चालताना भार तिथेच येतो. मग त्यांनी नायलॉनचा तो बारीक धागा काढला, वाकेपर्यंत टेकवला की दहा ग्रॅमचा दाब देतो तो, आणि मला डोळे मिटायला सांगून तळव्यावर एकेका ठिकाणी टेकवला. "कळलं की 'हो' म्हणा." खोलीत शांतता होती. मी वाट बघत राहिले. डोळे उघडले तेव्हा ते धागा डबीत ठेवत होते.

एकदा जखम झालेला पाय सगळ्यात जोखमीच्या गटात मोडतो आणि तो दर एक ते तीन महिन्यांनी दाखवायचा असतो. जखम नसली तरी. नवा घट्टा धरला तर तिथेच तासून घ्यायचा. घरी ब्लेड लावायचं नाही, औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी तर अजिबात नाही. त्यातलं आम्ल कुरूप आणि कातडी यांत भेद करत नाही.

आता चपलेविषयी. नवी चप्पल तयार होऊन पायात बसेपर्यंत बूट काढायचा नाही, ही पहिली अट. जखम भरली म्हणून बूट माळ्यावर आणि जुनी चप्पल पायात, हे कुणी करू नये. माप घेताना माझे दोन्ही पाय फोमच्या पेटीत दाबून ठसे घेतले. बसल्या पायाचं आणि उभ्या पायाचं माप वेगळं येतं, म्हणून उभं राहूनही माप घेतलं, आणि संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. सँडलला मागे पट्टा आहे, वरचे पट्टे वेलक्रोचे आहेत, सूज असेल त्याप्रमाणे सैल-घट्ट होतात. अंगठा धरायची चप्पल आता कायमची बंद. ती पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळावी लागतात आणि बेचकीत घासलं तर माझ्यासारखीला कळत नाही. खालचा तळ कडक आणि पुढे किंचित वर उचललेला, रॉकर म्हणतात तो. त्यामुळे पाऊल अंगठ्यापाशी न वाकता पुढे सरकतं. खिळा एकही नाही, सगळं चिकटवलेलं. बंद बूट घेणाऱ्यांनी सर्वांत लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा आहे ना ते बघावं.

आतला मऊ थर एमसीआरचा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबरचा. ही चप्पल घालून पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा शेजारच्या वाड्यावरच्या एका वृद्ध बाईंनी मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "ही ती कुष्ठरोग्यांना देतात ती ना?" हो, तीच. मी त्यांना तिथेच सांगितलं आणि इथेही सांगते. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करत. रोगाने मांसच सडतं आणि बोटं झडतात, असा तेव्हा सर्रास समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग संवेदना नेतो, आणि पुढचं नुकसान होतं ते वेदना न कळल्याने रोज घडणाऱ्या इजांमुळे. म्हणून त्यांनी पायांवरचा दाब अभ्यासला, मऊ रबराची पादत्राणं करवून घेतली. पुढे अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिलच्या रुग्णालयात त्यांनी हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठी वापरलं. २००३ साली ते गेले. आज माझा पाय ज्या विचारावर उभा आहे तो कुष्ठरुग्णांच्या पायांनी शिकवलेला आहे, आणि मला त्याची लाज नाही, कृतज्ञता आहे.

चप्पल मापाची असली तरी पहिल्या दिवशी दिवसभर घालायची नाही. सुरुवात तासाभराने. काढली की पाय उजेडात बघायचा. लालसर खूण दिसली आणि वीस मिनिटांनीही गेली नाही, तर तिथे दाब येतो आहे आणि चप्पल दुरुस्तीला गेली पाहिजे. खूण नसेल तर दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ. उरलेला वेळ पूर्वीचा बूट. चालणंही तसंच. आधी घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं, मग बसून पाय तपासायचा. ठीक असेल तर काही दिवस तेवढंच, मग थोडी वाढ. मला हे सगळ्यात जड गेलं, कारण दम लागत नव्हता, पाय दुखत नव्हता, आणि शरीर "अजून चाल" म्हणत होतं. ज्या पायाला दुखणं कळत नाही त्याला विचारून किती चालायचं ते ठरवता येत नाही. ते घड्याळाने आणि डोळ्यांनी ठरवायचं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. धोका चालण्यात आहे त्याहून एकदम चालण्यात जास्त आहे. ज्यांना अशा जखमा झाल्या ते एकूण पाहता कमीच चालणारे होते, पण त्यांच्या चालण्यात दिवसादिवसाचा चढउतार जास्त होता, असं अभ्यासात दिसलं आहे. चार दिवस खुर्चीत आणि पाचव्या दिवशी लग्न, जत्रा नाहीतर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, असं नको. मोबाइल पावलं मोजतो. मी रात्री आकडा वहीत लिहिते आणि कालच्यापेक्षा उडी पडली नाही ना ते बघते.

चवथ म्हणजे तर एकदमचा सण. गोव्यात चवथीला बाई पहाटेपासून उभी असते, माटोळी म्हणजे गणपतीवर बांधायचं फळांचं छत, नैवेद्य, पाहुणे, आरत्या. उभं राहणं हाही पायावरचा भारच, हे घरात कुणाच्या लक्षात येत नव्हतं, मी सांगेपर्यंत. यंदा नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मी खाली न बसता टेबलाशी खुर्चीवर बसून भरल्या. माटोळी मुलाने आणि नातवाने बांधली, मी बसून कुठलं फळ कुठे ते सांगितलं. दोन घरचे गणपती बघायला गेले, बाकीच्यांना फोन केला. काही जणांना राग आला. येऊ दे.

रोज सकाळी सोप्यावर उजेडात बसून मी पाय बघते. तळवा वाकून दिसत नाही, म्हणून जमिनीवर आरसा ठेवते. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या कडा, नखांचे कोपरे. मग तापमान. कोविडच्या वेळी कपाळावर धरायचा तो थर्मामीटर बऱ्याच घरांत पडून असेल. त्यावर शरीराऐवजी पृष्ठभाग मोजायची सोय असते, ती लावायची, नाहीतर पाय कपाळापेक्षा थंड असल्याने काही यंत्रं नुसतं "लो" दाखवतात. चालायला जाण्याआधी, दोन्ही पायांच्या त्याच त्या जागा मोजायच्या. अंगठा, अंगठ्यामागचा चवडा, मधला चवडा, करंगळीमागचा, कमानीची कड, टाच. एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून जास्त गरम लागली, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असलं, तर आत काहीतरी चिडलेलं आहे. चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना फोन. कातडी फुटण्याच्या बऱ्याच आधी हा ताप येतो. दुखणं हरवलेल्या पायाला ही नवी बोली मिळाली आहे असं मला वाटतं, आणि मी ती रोज नेमाने ऐकते. एकदा चवड्याचा आकडा असाच चढला. मी तीन-चार दिवस बाहेर पडले नाही, चवड्यावरचा भार कमी करायला चपलेत जो उंचवटा असतो तो थोडा मागे सरकवून घेतला, आकडा खाली आला. जखम झाली नाही.

घरात चप्पल घालण्याचा प्रश्न आपल्याकडे औषधापेक्षा अवघड. स्वयंपाकघरात, तुळशीपाशी, देवघरात पादत्राण, हे माझ्याही मनाला लागलं. पण पडणाऱ्या पावलांपैकी बरीचशी घरातच पडतात आणि रात्री लघवीला उठते ती तर झोपेतली पावलं. डॉक्टरांच्या शब्दांत सांगायचं तर अनवाणी एक पाऊलही नाही. मग सुनेनेच उपाय काढला. घरासाठी वेगळी जोडी, तसाच मऊ तळ, चामडं नाही, उंबऱ्याबाहेर कधी न गेलेली. खाटेखाली ठेवते, उठले की आधी ती पायात. पूजा मी खुर्चीवर बसून करते. नेहमीचे भटजी आले तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चौरंग माझ्या खुर्चीपाशी सरकवला.

देवळाचं काय, हे मात्र सुटलेलं नाही. चैत्र-वैशाखातल्या दुपारी देवळाच्या प्रांगणातली फरशी एवढी तापते की धड पायाचा माणूसही धावत सुटतो. ज्याला कळत नाही तो सावकाश प्रदक्षिणा घालतो आणि घरी येऊन तळव्याला फोड बघतो. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, मी लहानपणापासून बघत आले आहे, त्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे. पण आमच्या ओळखीतल्या एका धोंडाच्या पायांची संवेदना गेली, तेव्हा त्यांनी जत्रेत हाती धरायची वेताची काठी मुलाच्या हाती दिली. लईराई रागावेल असं त्यांना वाटलं नाही. ते मला फार मोठं वाटतं. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात गोव्यातल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. देशाची सरासरी ११.४ टक्के. म्हणजे कीर्तनाला बसलेल्या चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त. देवस्थान समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे, प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याच्या जाड पट्ट्या अंथरा, आणि ज्याच्या पायाला धोका आहे त्याला स्वच्छ, घरातली, चामड्याची नसलेली जोडी घालून सभामंडपापर्यंत येऊ द्या. एका देवळात मला ती मुभा मिळाली. दुसऱ्यात नाही मिळाली, तिथे मी दीपस्तंभापाशी उभी राहून हात जोडते. अनवाणी चालत जाण्याचा नवस मात्र संवेदना गेलेल्या माणसाने बोलू नये, आणि बोलला असेल तर घरच्यांनी तो दुसऱ्या रूपात फेडावा.

पावसाळ्यात बाहेरचं चालणं बंदच होतं. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ, रस्त्यात पाणी, ओल्या मोज्यात बेचक्या पांढऱ्या पडतात आणि तिथे बुरशी धरते. मी राजांगणाभोवतीच्या ओसरीत फेऱ्या मारते. मोजे पांढरे घालते, म्हणजे रक्त-पाणी काही लागलं तर लगेच दिसतं, आणि शिवण आत नसलेले. फेऱ्या मारताना दर थोड्या वेळाने दिशा बदलते, नाहीतर वळणाचा भार सारखा एकाच पायावर पडतो. वळताना एका पायावर गिरकी नाही, चार लहान पावलं टाकायची, कारण गिरकीत कातडी पिळली जाते. एरवीही पाऊल लहान आणि वेग बेताचा. लांब ढांगेने चवड्यावरचा दाब वाढतो. शाळेत उशीर झाला की मी झपझप चालायची, ती सवय मोडायला वेळ लागला.

आणि डावा पाय. सगळं लक्ष जखमेच्या पायावर असतं, पण आजारपणभर भार डाव्याने सोसला आणि त्याच्याही नसा तशाच मंद आहेत. पुन्हा जखम होते ती पुष्कळदा नव्याच जागी. म्हणून आरसा दोन्ही पायांखाली. चालणं पुन्हा सुरू केल्यावर एखादं पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं, दुखत नसलं, कातडी फुटलेली नसली, तरी त्या क्षणी चालणं थांबवून त्याच दिवशी दाखवा. मुरगळलं असेल म्हणून शेकू नका. संवेदना नसलेल्या पायातली हाडं मऊ पडून मोडत असतात, शार्को फूट म्हणतात त्याला, आणि त्यावर चालत राहिलं तर पावलाचा आकारच बदलतो.

आता माझी स्थिती सांगते. पाऊस उघडला आहे. मी सकाळी ऊन चढायच्या आत वाळवंटीच्या बाजूने जाऊन येते, मोबाइलवरचा आकडा हळूहळू वाढतो आहे, साखर पूर्वीपेक्षा ताब्यात आहे, प्लास्टरात सुकलेली पोटरी भरते आहे. एमसीआर रोजच्या वापराने दबतो आणि दबला की त्याचा उपयोग संपतो, वरून चप्पल चांगली दिसली तरी. म्हणून दोन जोड्या आलटूनपालटून वापरते आणि तपासणीला जाताना दोन्ही पिशवीत घालून नेते. चपलेतली अंगठ्यामागची जागा हाताच्या अंगठ्याने दाबून बघितली, उजव्या सँडलमध्ये ती खाली बसायला लागली आहे. नव्या जोडीचं माप पुढच्या तपासणीला द्यायचं आहे, आणि ती आली की पुन्हा पहिल्या दिवशी एकच तास.